व्यत्यय हाच कार्यक्रम

माणसाला एखादा छंद हवा, असं सगळेच म्हणतात. पण तो पोस्टाची तिकिटं जमवण्याइतका सोज्ज्वळ असावा, घराच्या कौलांवर चढणारा नसावा, ही त्यांची न बोललेली अट असते. माझा छंद कौलांवर चढला आणि तिथे तीस फुटी बांबू होऊन उभा राहिला. तेव्हापासून चाळीस वर्षं मला एकच प्रश्न विचारला जातोय, "मास्तर, याचा फायदा काय?" आज त्याचं एकदाचं उत्तर देऊन टाकतो.

छंद असा : जी टेलिव्हिजन केंद्रं आपल्याला दिसावीत असं कुणाच्याही मनात नाही, ती आपल्या घरात पकडायची.

१९८२ साली, एशियाडच्या धामधुमीत, मी हप्त्यावर एक ब्लॅक अँड व्हाइट संच घेतला. तेव्हा दापोलीच्या एका शाळेत मी विज्ञान शिकवत असे. मुंबईचं दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ पासून चालू होतं, पण सरळ रेषेत दीडशेक किलोमीटरवर राहणाऱ्या आमच्यापर्यंत ते येता येता थकून जाई. म्हणून बांबू, बांबूवर ॲन्टेना, ॲन्टेनावर कावळा. मी कौलांवर, चिरंजीव अंगणात आणि सौ. संचापुढे. ती ओरडायची, "आलं!" चिरंजीव ओरडायचे, "आलं!" मी हात सोडला की दोघं मिळून, "गेलं!" पुन्हा फिरवावं, तर आतून निकाल यायचा, "मघाशी होतं तेच बरं होतं."

इथवर तुमच्या घरीही झालं असेल. माझं पुढे बिघडलं.

१९८३ च्या मे महिन्यातली संध्याकाळ. मुंबई धड दिसेना म्हणून मी रागाने चॅनलचं बटण खट् खट् फिरवलं. दोन नंबरच्या घरात एरवी नुसत्या मुंग्या. त्या दिवशी मुंग्या बाजूला झाल्या आणि डोक्याला पांढरं फडकं, त्यावर काळं कडं घातलेला एक गृहस्थ स्वच्छ अरबीत बातम्या सांगू लागला.

"अहो, बिघडवलात ना!" सौ. म्हणाली.

खाली अक्षरं आली : दुबई. दापोलीहून दोन हजार किलोमीटर!

यात जादू नाही. जमिनीपासून शंभरेक किलोमीटर उंचीवर उन्हाळ्यात कधी कधी विद्युतभारित कणांचे दाट, पातळ पापुद्रे तयार होतात. त्यांत जळून गेलेल्या उल्कांचं लोह आणि मॅग्नेशियम असतं. एरवी अवकाशात निघून जाणाऱ्या खालच्या चॅनलच्या लहरी त्यांवर आपटून हजार-दोन हजार किलोमीटरवर उतरतात. दुसरी वाट समुद्रावरची. पाण्यालगतच्या गार, दमट हवेवर कोरड्या गरम हवेचं झाकण बसलं की लहरी त्या बोगद्यातून वाहत येतात. आपण, पाकिस्तान आणि आखाती देश ६२५ ओळींची एकच पद्धत वापरत होतो, म्हणून आमच्या साध्या संचाला पाहुण्याची भाषा कळली नाही तरी लिपी वाचता आली. तुटलेल्या ताऱ्यांच्या राखेवरून उडी मारून बातम्या माझ्या कौलांवर पडल्या, आणि वर मलाच विचारतात, फायदा काय!

शेजारच्या चाचींचा मुलगा दुबईला इलेक्ट्रिशियन होता. मी कुंपणावरून हाक मारली. चाची पिठाच्या हातांनी धावत आल्या आणि उंबऱ्यातच उभ्या राहिल्या. बातम्या संपल्या, कसलीशी जाहिरात झाली, मग नकाशा आला. त्या एकटक बघत होत्या. मुलाच्या पत्राला यायला पंधरा दिवस लागत, आणि ट्रंककॉल म्हणजे पोस्टात दिवस घालवायची तयारी.

"मास्तर, त्याच्याकडं पण आत्ता हेच लागलं असंल?"

"हेच. अगदी याच क्षणी."

"मग झालं," चाची म्हणाल्या.

सतरा मिनिटांनी मुंग्या परत आल्या. महिन्याने मुलाचं पत्र आलं. त्या दिवशी त्याची रात्रपाळी होती, आणि त्याच्या खोलीत टीव्ही नव्हताच. मी ओशाळलो. चाची हसल्या. "असू दे. त्याचं गाव तरी मी बघितलं ना?"

आता फिर्यादींकडे वळू. पहिली फिर्याद पलीकडच्या बँकेतल्या साहेबांची : फायदा काय? साहेबांना प्रत्येक गोष्टीवर व्याज लागतं, म्हणून त्यांना व्याजासकट सांगतो. नोव्हेंबर १९३८ मध्ये लंडनच्या बीबीसीचं चित्र असंच वरच्या थरांवर आपटून साडेपाच हजार किलोमीटरवर न्यूयॉर्कजवळ उतरलं. तिथल्या आरसीए कंपनीच्या इंजिनियरांनी पडद्यासमोर कॅमेरा लावून चारेक मिनिटं टिपलं. मुका, थरथरता तुकडा. पण युद्धापूर्वीच्या बीबीसीच्या थेट प्रक्षेपणाचं आज माहीत असलेलं ते एकमेव चित्रण. ज्यांच्यासाठी कार्यक्रम होता त्या लंडनकरांनी तो पाहिला आणि जेवायला गेले. जपला कुणी, तर ज्यांच्यासाठी तो नव्हताच त्यांनी!

दुसरी फिर्याद सौ.ची : चित्र धड दिसत नाही. मान्य. कराची दिसायचं तेव्हा बाईच्या चेहऱ्यावर दुसऱ्याच कुणाच्या मिशा असायच्या. पण दूरदर्शन चित्र तुटलं की पाटी लावायचं, 'व्यत्ययाबद्दल क्षमस्व'. अहो, क्षमा कसली मागता? तुमचा व्यत्यय हाच आमचा कार्यक्रम! मुंबईच्या चित्रात आडव्या पट्ट्या सरकू लागल्या की अख्खी आळी कपाळाला हात लावी आणि मी पंख्याखाली बसून वही काढी. तारीख, वेळ, चॅनल, काय दिसलं. पट्ट्या म्हणजे कुणीतरी दाराशी आलंय.

तिसरी फिर्याद भाच्याची, आणि तीच खरी अवघड. त्याने खिशातून फोन काढला आणि तीन सेकंदांत दुबईचं चॅनल माझ्या नाकासमोर धरलं. "मामा, हे घ्या! यासाठी तुम्ही कौलं फोडलीत?"

मी त्याला बंदरावर नेलं. हर्णैला पापलेट विकत मिळतं, तरी खडकावर एक म्हातारा गळ टाकून बसला होता. म्हटलं, "जा, त्याला सांग की बाजार उघडा आहे." भाचा गेला नाही. बाजारात मासा कुणीतरी आणून ठेवलेला असतो. आपण फक्त पैसे मोजतो. फोनवरचं चित्र आपल्याला पोचवलं जातं, आणि आपण ते किती वेळ पाहिलं याचाही हिशोब कुणीतरी ठेवतो. माझं दुबई मला कुणी पोचवलं नव्हतं. ते माझ्यासाठी निघालंच नव्हतं. ते यायला उल्का जळाव्या लागल्या, वरचा वारा वळावा लागला, आणि त्या वेळी कुणीतरी जागं असावं लागलं. यातलं शेवटचं काम माझं होतं. माणसाला सगळं मिळावं, जरूर मिळावं. पण वाट बघायची सवय मोडली, तर न मागता येणाऱ्या पाहुण्याला दार कोण उघडणार?

हल्ली चाचींच्या नातवंडांचे चेहरे रोज फोनवर दिसतात. चांगलंच आहे. त्याविरुद्ध बोलणारा गाढव. पण बोलता बोलता सगळ्यांचं लक्ष भलतीकडेच असतं. सतरा मिनिटांत परत जाणाऱ्या चित्राकडे चाचींनी जसं पाहिलं, तसं रोज मिळणाऱ्या चित्राकडे कुणी पाहत नाही. मीसुद्धा नाही.

दूरदर्शनची जुनी ॲनालॉग प्रक्षेपण केंद्रं २०२२ पर्यंत बहुतेक सगळी बंद झाली. संचात आता नुसत्या मुंग्या. बांबूवर गिलक्याचा वेल चढवलाय. साहेबांना वाटलं, खटला निकाली निघाला.

पण आकाशाला हे कुणी कळवलेलं नाही. गेल्या मे महिन्यात रात्री साडेनऊला साहेबच कुंपणापाशी आले. हातात एफएम रेडिओ.

"मास्तर, जरा बघा हो. यात काहीतरी बिघाड झालाय. मुंबईचं गाणं मध्येच थांबतं आणि कुणी अरबी बोलायला लागतो."

मी चप्पलही न घालता धावलो.

"साहेब, हात लावू नका! बिघाड नाही. पाहुणे आलेत!"

दोघंही अंगणात उकिडवे बसलो. अकरा वाजून गेले. आत जायचं नाव साहेबांनीच काढलं नाही. आणि फायदा काय, हेही त्यांनी त्या रात्री विचारलं नाही.