फाटकाबाहेरची मुले

भरतीच्या परीक्षा सुरू असल्या की भुसावळ, मनमाड, सोलापूर, नागपूर अशा कोणत्याही मोठ्या स्थानकावर रात्रपाळी करणाऱ्या आपल्या बंधूंना एक दृश्य हमखास दिसते. फलाटावर वर्तमानपत्र पसरून मुले झोपलेली असतात. उशाला बॅग, आणि छातीशी धरलेली प्लास्टिकची फाइल. त्या फाइलीत प्रवेशपत्र, आधार कार्ड, दोन फोटो आणि दहावीची गुणपत्रिका. सकाळी फलाटावरच्या नळावर तोंड धुऊन ती परीक्षा केंद्राकडे निघतात आणि संध्याकाळी त्याच फलाटावर परततात. आपण त्यांच्या अंगावरून कंदील घेऊन जातो, पार्सलची गाडी ढकलत नेतो, मेलचे थैले उतरवतो. फार तर 'बाजूला सरका' एवढे म्हणतो. त्यांना हवी असलेली नोकरी आपल्याकडे आहे, ही गोष्ट त्या वेळी आपल्या मनात येत नाही.

यावेळी आम्ही या मुलांविषयी लिहीत आहोत. महागाई भत्ता, पेन्शन, कामाचे तास हे विषय या पानांवर नेहमीच येतात आणि पुढेही येतील. परंतु फाटकाच्या आत असलेल्यांचे प्रश्न आणि फाटकाबाहेर उभ्या असलेल्यांचे प्रश्न वेगळे आहेत, ही समजूत आम्हाला आता सोडून द्यावीशी वाटते.

आधी आकडे पाहू. २०१८ साली रेल्वेने पूर्वीच्या 'ड' वर्गाच्या, म्हणजे आजच्या लेव्हल एकच्या, ६२,९०७ जागा काढल्या तेव्हा सुमारे १ कोटी ८९ लाख अर्ज आले. एका जागेला तीनशे. २०१९ मध्ये याच वर्गाच्या १,०३,७६९ जागांची जाहिरात निघाली, अर्ज एक कोटीहून अधिक आले. २०२५ मध्ये ३२,४३८ जागांसाठी पुन्हा एक कोटीहून अधिक अर्ज आले. केवळ रेल्वेचीच ही गत नाही. केंद्र सरकारने जुलै २०२२ मध्ये लोकसभेत दिलेल्या उत्तरानुसार २०१४-१५ पासूनच्या आठ वर्षांत केंद्रीय नोकऱ्यांसाठी २२ कोटी ५ लाख अर्ज आले आणि निवड झाली ७ लाख २२ हजारांची.

ही नोकरी कसली, तेही लक्षात घ्या. लेव्हल एकमध्ये सर्वांत मोठा भरणा रूळ सांभाळणाऱ्यांचा, ज्यांना आपण पूर्वी गँगमन म्हणत होतो. शारीरिक चाचणीत मुलाला ३५ किलो वजन उचलून शंभर मीटर अंतर दोन मिनिटांत जावे लागते आणि एक किलोमीटर सव्वाचार मिनिटांत धावावे लागते. पात्रता दहावी. प्रत्यक्षात या रांगेत पदवीधर, अभियांत्रिकी पदविकावाले, एम.ए. झालेले उभे असतात. उन्हातान्हात हातोडा आणि पहार घेऊन चालण्याची ही नोकरी एम.ए. झालेल्याला हवीशी वाटते, कारण बाहेर त्याला दहा-बारा हजारांत बारा तास राबवून घेतात आणि उद्या येऊ नकोस म्हणून सांगायला एक फोन पुरतो. मुलांना सरकारी नोकरीचे वेड लागले आहे असे जे म्हणतात, त्यांनी एकदा खाजगी कंत्राटदाराच्या हाताखाली महिनाभर काढून पाहावा.

आपल्यातले जुने लोक कसे भरती झाले ते आठवून पाहा. सेवायोजन कार्यालयाचे कार्ड काढायचे, त्याचे वेळेवर नूतनीकरण करायचे आणि बोलावणे येण्याची वाट पाहायची. काही जण रोजंदारीवर लागले, एकशेवीस दिवस भरल्यावर त्यांना तात्पुरता दर्जा मिळाला आणि पुढे चाळणीतून ते कायम झाले. प्रकल्पांवरच्या रोजंदारी कामगारांना १९८५ च्या इंद्रपाल यादव खटल्याने हाच मार्ग खुला केला. ती व्यवस्था सोन्याची होती असे आम्ही म्हणणार नाही. तिच्यात वशिला होता, मुकादमाचे घरकाम होते, वर्षानुवर्षांचे लटकणे होते. पण दार उघडे आहे एवढे तरी दिसत होते. १९९० च्या सुमारास रेल्वेत साडेसोळा लाख कर्मचारी होते, ते आज बारा लाखांच्या आसपास आले आहेत. या काळात गाड्या वाढल्या, मार्ग वाढले. कमी झालेल्या हातांचे काम कोणी तरी करतच आहे. डब्यांची सफाई, चादरी-उशा, स्थानकांची झाडलोट ही कामे कंत्राटात गेली आहेत. त्या कंत्राटातला मुलगाही रेल्वेतच काम करतो, फक्त तो रेल्वेचा नाही.

टपाल खात्यातील बंधूंना हे वेगळ्या रूपात माहीत आहे. ग्रामीण डाक सेवक, ज्यांना जुने वाचक अजून ई.डी. म्हणतात, त्यांची निवड आता लेखी परीक्षेने होत नाही, दहावीच्या गुणांवर होते. अर्ज ऑनलाइन आणि यादी संगणकाची. २०२४ च्या जुलैमध्ये देशभर ४४,२२८ जागा निघाल्या. शाखा डाकपालाला चार तासांसाठी मूळ भत्ता बारा हजार रुपये, सहाय्यक शाखा डाकपालाला आणि डाक सेवकाला दहा हजार, वर महागाई भत्ता. ही पूर्ण सरकारी नोकरी नव्हे, खात्याच्या नियमित कर्मचाऱ्यांसारखी पेन्शन नाही. तरीही यादीत खुल्या वर्गासाठी नव्वदीच्या खूप पुढचे गुण लागतात. गडचिरोलीच्या आश्रमशाळेतून बहात्तर टक्के मिळवलेली मुलगी स्वतःच्या गावचे टपाल वाटू शकत नाही. दुसऱ्या जिल्ह्यातला सत्त्याण्णव टक्क्यांचा मुलगा तिथे रुजू होतो, खोली भाड्याने घेतो आणि भरवशाचे काही मिळाले की निघून जातो. गावाला पुन्हा डाकपाल नाही. शेजारच्या शाखेचा सेवक दोन्ही गावे सांभाळतो. निवडीत वशिला चालत नाही ही चांगली गोष्ट आहे आणि ती आम्ही मान्य करतो. परंतु दहावीचे गुण हे एकच माप झाले, तर ज्या शाळेत गणिताला शिक्षकच नव्हता त्या शाळेच्या मुलांनी काय करायचे, हा प्रश्न खात्याला विचारायलाच हवा.

वाट पाहण्याची गोष्ट तर आणखीच निराळी. फेब्रुवारी २०१९ च्या अखेरीस एन.टी.पी.सी.ची सुमारे ३५ हजार जागांची जाहिरात निघाली. सव्वा कोटी अर्ज आले. पहिली परीक्षा सुरू झाली डिसेंबर २०२० च्या शेवटी, ती जुलै २०२१ पर्यंत चालली. निकाल जानेवारी २०२२ मध्ये. त्यात एकाच उमेदवाराचे नाव वेगवेगळ्या स्तरांच्या यादीत आल्याने जागांच्या वीस पट मुले निवडल्याचा दावा कागदावर खरा आणि प्रत्यक्षात खोटा ठरला. बिहार आणि उत्तर प्रदेशात मुले रुळांवर आली, गयेला डबा जळला, तर रेल्वेने आंदोलकांना आजन्म नोकरीबंदीचा इशारा दिला. शेवटी याद्या सुधाराव्या लागल्या, म्हणजे मुलांचे म्हणणे बरोबर होते. डबा जाळणे चूक हे आम्ही, डब्यात काम करणारे लोक, दुसऱ्या कोणाहीपेक्षा अधिक ठामपणे सांगू शकतो. पण जाहिरातीच्या वेळी सव्वीस वर्षांचा असलेला मुलगा निकालाच्या वेळी एकोणतिशीत पोचतो आणि त्या तीन वर्षांचा हिशेब कोणी देत नाही, हेही आम्हीच सांगितले पाहिजे.

मुंबईकर बंधूंना २० मार्च २०१८ ची सकाळ आठवत असेल. रेल्वेच्याच कारखान्यांत आणि शेडमध्ये ॲप्रेंटिसशिप पूर्ण केलेली शेकडो मुले माटुंगा आणि दादरच्या दरम्यान रुळांवर बसली. ऐन कामाच्या वेळी मध्य रेल्वेची वाहतूक तीन-साडेतीन तास ठप्प झाली, लाठीमार झाला. मोटरमनना, गार्डांना, तिकीट तपासनीसांना प्रवाशांच्या शिव्या खाव्या लागल्या. या मुलांसाठी २० टक्के जागा राखीव होत्या, पण त्यांना परीक्षेविना सामावून घेणे हवे होते. ज्या मुलाला आपल्याच फोरमनने लेथ चालवायला शिकवले, त्याला प्रशिक्षण संपल्यावर बाहेरच्या कोट्यवधींच्या रांगेत जा म्हणणे हे न्यायाचे आहे का, याबद्दल आमच्यातही मतभेद आहेत. आमचे मत असे की राखीव जागा खरोखर भरल्या जातात की नाही, हे दर वर्षी जाहीर झाले पाहिजे. कागदावरच्या टक्केवारीने कोणाच्या घरी चूल पेटत नाही.

आता एक नाजूक विषय. ऑक्टोबर २००८ मध्ये मुंबईत रेल्वेच्या परीक्षेला आलेल्या उत्तर भारतीय मुलांना केंद्रांवर मारहाण झाली. जाहिराती मराठी वर्तमानपत्रांत येत नाहीत, ही त्यावेळची तक्रार खरी होती आणि आपल्या संघटनेतल्या अनेकांनी ती आधीपासून मांडली होती. पुढे प्रादेशिक भाषांत परीक्षा घेण्याचे धोरण आले, आज संगणकावरची परीक्षा मराठीतूनही देता येते. तक्रार रास्त होती म्हणून मार देणे रास्त ठरत नाही. मार खाल्लेला मुलगाही फलाटावर वर्तमानपत्र पसरूनच झोपलेला होता. हे पान इटारसी, बडोदा, हुबळी, सिकंदराबाद येथील मराठी कामगारही वाचतात. परक्या प्रांतात नोकरी करण्याचा अर्थ त्यांना आम्ही समजावून सांगण्याची गरज नाही.

आणि एक गोष्ट आपल्या घरातली. आपल्यापैकी किती तरी जण आमच्या कार्यालयात येऊन हळूच विचारतात, 'साहेब, पोराचं काही होईल का?' काही वर्षे गँगमन आणि ड्रायव्हर यांच्यासाठी स्वेच्छानिवृत्ती घेऊन मुलाला नोकरी देण्याची योजना होती. पुढे ती इतर सुरक्षाविषयक पदांनाही लागू झाली. पंजाब आणि हरयाणा उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये तिच्यावर बोट ठेवले आणि २०१८ मध्ये रेल्वेने ती बंद केली. ती पुन्हा सुरू व्हावी अशी मागणी आपल्या अनेक शाखांनी केली आहे. बापाचे दुःख आम्हाला कळते. पण फलाटावर झोपलेल्या दुसऱ्या बापाच्या मुलाला आम्ही काय उत्तर देणार, हेही आम्हाला सुचत नाही. सेवेत मृत्यू पावलेल्याच्या कुटुंबाची गोष्ट वेगळी. तिथे अनुकंपा नियुक्ती हा हक्क म्हणून मिळावा, यासाठी आम्ही भांडतच राहू.

या 'पोराचं काही होईल का'च्या आडोशाला दलाल वाढतात. २०२२ साली तामिळनाडूतील २८ तरुणांना नवी दिल्ली स्थानकावर महिनाभर रोज आठ तास येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या आणि डबे मोजायला बसवले होते. तिकीट तपासनीसाचे हे प्रशिक्षण आहे असे त्यांना सांगितले गेले आणि त्यासाठी त्यांच्याकडून मिळून २ कोटी ६७ लाख रुपये घेतले गेले. नोकरी नव्हतीच. ती मुले सुशिक्षित होती. इतक्या मोठ्या स्थानकावर महिनाभर ती वही घेऊन बसली आणि आपल्यापैकी कोणीही त्यांना 'काय करता रे बाळांनो' असे विचारले नाही, ही बातमी वाचून आमची मान खाली गेली. अशा दलालांना ओळखी सांगायला कधी कधी आपल्याच खात्यातला माणूस सापडतो. असा सभासद कोणत्याही शाखेत असेल तर त्याची बाजू संघटना घेणार नाही.

रिक्त जागांचा आणि आपला संबंध किती जवळचा आहे, हे १७ जून २०२४ ला कळले. त्या दिवशी रंगापानीजवळ उभ्या कांचनजंगा एक्स्प्रेसवर मालगाडी आदळली. सहाय्यक लोको पायलटच्या ५,६९६ जागांची जाहिरात जानेवारीत निघाली होती. अपघातानंतर त्याच आठवड्यात त्या १८,७९९ झाल्या. म्हणजे तेरा हजार जागांची गरज त्या सोमवारच्या आधीही होती. ती गरज आपले रनिंग कर्मचारी सलग रात्रपाळ्या करून आणि विश्रांती पुढे ढकलून भागवत होते, आणि त्याच वेळी आय.टी.आय. झालेली मुले घरी बसून जाहिरातीची वाट पाहत होती. त्याच वर्षी निवृत्त कर्मचाऱ्यांना पासष्टीपर्यंत पुन्हा कामावर घेण्याची मुभाही विभागांना देण्यात आली. निवृत्त बंधूंच्या अनुभवाचा आम्हाला आदर आहे. पण एकसष्टीचा माणूस परत बोलवायचा आणि पंचविशीच्या मुलाला थांब म्हणायचे, ही काटकसर आमच्या गळी उतरत नाही.

म्हणून प्रत्येक शाखेला आमचे सांगणे आहे. आपल्या युनिटमधील मंजूर पदे, भरलेली पदे आणि रिकामी पदे यांचा तक्ता येत्या महिन्याभरात तयार करून कार्यालयाबाहेरच्या फलकावर लावा. गेट मीटिंगला तो वाचून दाखवा आणि एक प्रत आमच्याकडे पाठवा. शाखेच्या कार्यालयात संध्याकाळी दिवा आणि पंखा असतोच, तिथे सहा ते दहा या वेळेत परिसरातल्या मुलांना अभ्यासाला बसू द्या. सभासदाचाच मुलगा पाहिजे अशी अट घालू नका. संगणक येणाऱ्या तरुण सभासदाने आठवड्यातून एक दिवस त्यांचे अर्ज भरून द्यावेत, म्हणजे सायबर कॅफेवाल्याला त्यांचे शे-दोनशे जाणार नाहीत. आणि परीक्षेच्या दिवशी ज्यांची रात्रपाळी असेल त्यांनी प्रतीक्षालयाचे दार उघडे ठेवावे, नळाला पाणी आहे की नाही ते पाहावे आणि केंद्राकडे जाणारी बस कुठून सुटते ते कागदावर लिहून फलाटावर चिकटवावे.