बैलाचे रक्त बोलते, ऐकणारा कोण?



ऐन पेरणीत बैलाने वैरण टाकली, रवंथ थांबवले, की आपण अंगाला हात लावून पाहतो आणि एखादे इंजेक्शन टोचून मोकळे होतो. साधे अपचन, की कडब्यातून तार पोटात गेली? हे कळेपर्यंत जोडी मोडते, औत थांबते.

शास्त्र काय सांगते? अंगात कुठेही सूज आली, जंतू शिरले, की यकृत काही प्रथिने झपाट्याने रक्तात सोडते. त्यातले हॅप्टोग्लोबिन निरोगी गुरात नावालाच असते. मोठ्या दुखण्यात ते एक-दोन दिवसांत शंभर पटीपर्यंत वाढते. फायब्रिनोजेनही चढते. गुरांत सूज ओळखायला पांढऱ्या पेशींच्या मोजणीपेक्षा ते बहुधा अधिक भरवशाचे.

हॅप्टोग्लोबिन मोजायला प्रयोगशाळा लागते. ग्लुटाराल्डिहाइडची चाचणी मात्र गोठ्यात होते. नळीत रक्त आणि तयार द्रावण सारखे मिसळायचे, घड्याळ पाहायचे. निरोगी गुराचे रक्त १५ मिनिटांतही थिजत नाही; जोराची सूज असेल तर काही मिनिटांतच थिजते. दुखणे कुठे आहे, हे ती सांगत नाही; अगदी ताजी सूज निसटूही शकते. म्हणून डॉक्टरांची तपासणी हवीच. पण तार की अपचन, याचा निवाडा करायला मोठा आधार मिळतो.

आमची मागणी सरळ आहे: तालुक्याच्या प्रत्येक पशुदवाखान्यात ही चाचणी ठेवा. आधी निदान, मग औषध. चुकीच्या इंजेक्शनाचे पैसे आपल्याच खिशातून जातात आणि बैलही आपलाच जातो. जिल्हा बैठकीत हा ठराव मांडू. गावोगावच्या प्रतिनिधींनी तयारीने यावे.