मालीश झाली, आता पुढचा तास तुमचा

मैत्रिणींनो, या महिन्यात आलेल्या पत्रांतलं एक पत्र मी वेगळं काढून ठेवलं होतं. पत्र कऱ्हाडच्या एका भगिनीचं आहे. नाव छापू नका असं त्यांनी दोनदा बजावलंय, म्हणून छापत नाही. पण तक्रार मात्र तुम्हां सगळ्यांच्या कानावर घालावी अशी आहे. त्या लिहितात, ‘वयाची बेचाळिशी झाली. मान आणि पाठ सारखी भरून येते. मुलीने हट्ट धरला म्हणून महिन्यातून दोनदा मालीशवाल्या मावशींना बोलावते. मालीश चालू असते तोवर स्वर्ग! पण दुसऱ्या दिवशी अंग असं मोडून येतं की आधीचं दुखणं बरं होतं म्हणायची पाळी. घरचे म्हणतात, पैसे मोजून दुखणं विकत आणतेस. बंद करू का?’

मी त्यांना उलट एकच प्रश्न विचारला. मावशी गेल्यानंतरचे दोन तास तुम्ही काय करता, ते जसंच्या तसं लिहून पाठवा. उत्तर आलं. मावशी सकाळी अकराला जातात. लगेच डोक्यावरून आंघोळ. ओल्या केसांनीच कुकर चढवायचा. तो होतोय तोवर धुतलेल्या चादरींची बादली उचलून गच्चीवर. मग पोळ्या, मग मुलाचा डबा. आणि खाली एक वाक्य: ‘अंग मोकळं झालेलं असतं ना, तेवढ्यात कामं उरकून घेते.’

वाचून हसू आलं आणि वाईटही वाटलं. कारण खरं सांगायचं तर मीसुद्धा कित्येक वर्षं हेच करत होते.

आता हे बघा. मालीश करताना स्नायू दाबले जातात, ओढले जातात. जोराची मालीश असेल तर ते हुळहुळे होतात. पुष्कळ दिवसांनी डोंगर चढल्यावर पोटऱ्या भरून येतात ना, तसंच. हे दुखणं एक-दोन दिवसांत आपोआप जातं, त्यात घाबरण्यासारखं काही नसतं. पण नेमक्या त्याच वेळी ठणका कमी झालेला असतो, अंग हलकं वाटतं, आणि एरवी आपण जपून उचलली असती ती बादली आपण एका हाताने उचलतो. मग दुसऱ्या दिवशी कंबर धरली की दोष कुणाचा? मावशींचा!

मावशींचा दोष कधीकधी असतोही, नाही असं नाही. ‘जितकं दुखेल तितका गुण येईल’ हा समज त्यांच्याही डोक्यात असतो आणि आपल्याही. दात-ओठ खाऊन सहन करायची काहीच गरज नसते. ‘मावशी, जरा हलक्या हाताने’ म्हणायला लाजू नका. अंगावर काळेनिळे डाग उठत असतील तर दाब फार झाला असं समजा. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील तर असे डाग चटकन उठतात. अशांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय जोराची मालीश करून घेऊच नये.

पण मला सांगायचंय ते मालीशनंतरच्या तासाविषयी. आपल्या घरांना हा तास काही नवा नाही. बाळंतिणीला आठवा. तेल चोळून झालं, कढत पाण्याने न्हाणं झालं, की तिला पांघरुणात गुरफटून निजवतात. खोलीचं दार लोटून घेतात. पाहुणे आले तरी ‘ती निजलीय हं’ असं हळूच सांगतात. कुणी म्हणतं का, की मालीश झालीय, आता ऊठ आणि कपडे वाळत घाल? नाही. मालीशचा निम्मा गुण नंतरच्या विश्रांतीत असतो, हे आपल्या आज्या-पणज्या पक्कं जाणून होत्या. मग तीच बाई, तीच पाठ, मुलगा कॉलेजात गेल्यावर तो हक्क तिला का राहत नाही? आपल्याकडे धडधाकट बाईने दिवसा आडवं होणं म्हणजे आळस. तापाने फणफणली असेल तर चालेल, नुसती दमली असेल तर नाही.

इंग्रजीतला ‘शांपू’ हा शब्द मुळात आपल्या इकडचाच. चेप, दाब या अर्थाच्या ‘चांपो’ या हिंदी शब्दावरून तो गेला. मूळच्या पाटण्याच्या शेख दीन मुहम्मद यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडात ब्रायटनला मालीशचं स्नानगृह काढलं आणि बडीबडी मंडळी अंग चेपून घ्यायला तिथे जाऊ लागली. त्यांना नंतर कुणी कुकर लावायला पाठवत नसणार, एवढं मी छातीठोक सांगते!

तर हा तास मागून मिळत नाही, तो आधी जमवावा लागतो. मावशींना सकाळी बोलावूच नका. दुपारी तीनची वेळ ठरवा. जेवणं उरकलेली, ओटा पुसलेला, मुलं बाहेर. रात्रीची भाजी सकाळीच चिरून ठेवा, कणीक भिजवून ठेवा. भरल्या पोटी मालीश नको, म्हणून त्या दिवशी स्वतःचं जेवण थोडं लवकर आणि थोडं कमी. सासूबाई घरात असतील तर एक युक्ती सांगते, मला स्वतःला फार उपयोगी पडली. पहिली पाळी त्यांची लावायची. मावशींकडून त्यांचे पाय आणि गुडघे हलके चोळून घ्यायचे. तासाभराने त्या छान डाराडूर झोपतात. मग तुम्ही आडव्या झालात तर बघायला आहे कोण?

मालीश संपल्यावर ताडकन उठू नका. थोडा वेळ तशाच पडून राहा, मग कुशीवर वळा, मग बसा, आणि मग उभ्या राहा. मालीशनंतर रक्तदाब थोडा उतरतो, एकदम उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते. ज्यांना ब्लडप्रेशरच्या गोळ्या चालू आहेत त्यांनी तर हे कटाक्षाने पाळावं.

आणि मोरी! याबद्दल मी जरा रागानेच लिहिणार आहे. तेलाने माखलेले तळपाय आणि ओली फरशी, यापेक्षा घातकी जोडी घरात दुसरी नाही. माझ्या नणंदेच्या सासूबाई अशाच मालीशनंतर न्हाणीघरात पाय घसरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पुढे सहा महिने वॉकर. कशासाठी? तर तळपाय पुसले नव्हते म्हणून. मावशींनी हात धुण्याआधी त्यांच्याकडूनच तळपाय सुक्या फडक्याने खसखसून पुसून घ्या, वर थोडं डाळीचं पीठ चोळा. न्हाणीघरात स्टुलावर बसूनच आंघोळ करा. झाल्यावर साबणाचं पाणी टाकून फरशी घासून घ्या, नाहीतर तुमच्या मागून जाणारा पडेल.

आंघोळ लगेच हवी असं नाही. अर्धा तास तेल अंगावर राहिलं तर चांगलंच. पाणी सोसेल इतपत गरम. मधुमेहाने पावलं बधिर झाली असतील तर पाणी पायाने नव्हे, कोपराने अजमावा. शेकाच्या पिशवीचंही तेच, चटका बसलेला कळतही नाही. इन्सुलिन घेणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवायचं: इंजेक्शन जिथे टोचलं ती जागा लगेच चोळून घ्यायची नाही. औषध भरभर रक्तात उतरतं आणि साखर एकाएकी खाली येऊ शकते.

तेल काढायला डाळीचं पीठ किंवा उटणं उत्तम, फक्त मोरीच्या जाळीत पिठाचा लगदा अडकतो तो काढून टाका. मोहरीचं तेल काहींच्या कातडीला चुणचुणतं. तसं झालं तर तेल मुरवत न बसता धुऊन टाकावं. आणि एक नेम कराच. तेलकट गाऊन किंवा साडी अंगावर असताना गॅसपाशी जायचं नाही. चहा हवा असेल तर दुसऱ्या कुणाला सांगा, नाहीतर आधीच करून थर्मासात भरून ठेवा.

हल्ली पार्लरमध्ये सांगतात, मालीशने शरीरातलं विष सुटतं, ते धुऊन जायला तीन-चार लिटर पाणी प्या. असं काही विष सुटत नाही हो. टाकाऊ द्रव्यं बाहेर काढायला मूत्रपिंडं आणि यकृत रोजच राबताहेत. तहान लागेल तेवढं पाणी प्या, कोमट प्यायलात तर बरं वाटेल. रात्री मऊ भात, मुगाचं वरण, वर तूप, इतकं साधं जेवण पुरे. पार्लरमध्ये मालीश करून घेतलीत तर लगेच स्कूटीवर बसू नका. अंगात सुस्ती असते आणि चपलेत पाय घसरतो. पंधरा मिनिटं तिथेच बसा, नाहीतर रिक्षाने घरी या.

वाग्भटाचा ‘अष्टांगहृदय’ हा ग्रंथ रोजच्या अभ्यंगाचा मोठा पुरस्कर्ता. डोकं, कान आणि पावलं यांना तेल विशेष लावा म्हणतो. पण कफ वाढलेल्याने आणि अजीर्ण झालेल्याने अभ्यंग करू नये, असंही तो बजावतो. म्हणजे ‘आज नको’ म्हणायची मुभा शास्त्रानेच दिली आहे. मावशी दारात आल्या म्हणून सर्दी-तापातही तेल लावून घेणाऱ्या बायका मी पाहिल्यात.

आता सगळ्यांत महत्त्वाचं, तेवढं नीट वाचा. माझ्या भाचीचं सिझेरियन झालं. बाराव्या दिवशी तिची डावी पोटरी दुखू लागली. मावशी म्हणाल्या, ‘गोळा आलाय, चोळून काढते.’ नशीब, माझ्या बहिणीचं लक्ष गेलं. डावा पाय उजव्यापेक्षा सुजलेला, हाताला गरम लागत होता. तिने मालीश थांबवली आणि तडक दवाखाना गाठला. डॉप्लर सोनोग्राफीत शिरेत रक्ताची गुठळी निघाली. कित्येक महिने औषध घ्यावं लागलं, पण पोरगी वाचली. अशी गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर जीव जाऊ शकतो. बाळंतपणानंतरचा सव्वा महिना हा धोका अधिक असतो, सिझेरियननंतर तर जास्तच. पण मोठं ऑपरेशन किंवा लांबच्या प्रवासानंतरही तो असतो. म्हणून एकच पाय सुजला, दुखला, लाल किंवा गरम झाला, तर त्याला हात लावू द्यायचा नाही, आधी डॉक्टर. मालीशनंतर धाप लागली, छातीत दुखलं, तर घरगुती उपाय करत बसू नका. १०८ला फोन करा.

साधं अंगदुखणं मात्र दोन दिवस वाट पाहायला हरकत नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशीही ते उतरलं नाही, हातापायाला मुंग्या येत राहिल्या, किंवा हातातली वस्तू सुटू लागली, तर दाखवून यावं.

कऱ्हाडच्या भगिनींचं परवा पुन्हा पत्र आलं. त्यांनी दुपारची वेळ ठरवली. पहिल्याच दिवशी साडेचारला यजमान लवकर घरी आले, बघतात तो ह्या पांघरूण घेऊन पडलेल्या. ‘बरं नाही का?’ असं त्यांनी घाबरून विचारलं. ‘बरी आहे, मालीश झालीय, साडेपाचला उठेन,’ असं ह्यांनी न उठताच सांगितलं. ते थोडा वेळ दारात उभे राहिले आणि मग स्वयंपाकघरात गेले. चहा अगदी पाणचट झाला होता, असं त्या लिहितात. पण कप पलंगाशी आणून दिला होता.