संगणक बिघडला, रेकॉर्ड गेलं!

"सदर माहिती संगणकातील तांत्रिक बिघाडामुळे उपलब्ध नाही."

माहिती अधिकाराच्या अर्जाला मला आलेलं हे उत्तर. कार्यालयाचं नाव सांगत नाही, कारण प्रश्न एका कार्यालयाचा नाहीच. राग आला, पण खरं सांगू? लाजही वाटली. काही वर्षांपूर्वी आमच्या साप्ताहिकाच्या ऑफिसातही हेच झालं होतं. हार्डडिस्क बसली आणि अकरा वर्षांची पानं, चारा छावण्यांचे फोटो, सगळं गेलं. छापील अंक होते, त्यातले अर्धे वाळवीने खाल्लेले.

माहिती अधिकाराची लढाई आपल्याच जिल्ह्यातून, पारनेरच्या राळेगणसिद्धीतून अण्णा हजारेंनी लढली. आधी राज्याचा कायदा झाला, मग २००५ मध्ये केंद्राचा. त्याच्या कलम ४ मध्ये स्पष्ट लिहिलंय की रेकॉर्ड सूचीसह नीट ठेवा, योग्य ते संगणकावर आणा. पण संगणकावर आणलं म्हणजे जपलं, असं होत नाही. एकाच मशीनवरचं रेकॉर्ड म्हणजे एकाच खिळ्याला टांगलेलं दप्तर.

"बजेट नाही" हे उत्तर मला आता पटत नाही. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. त्यामुळे अडगळीत गेलेली कितीतरी मशीन अजून धडधाकट आहेत. आम्ही अशाच एका जुन्या संगणकावर ओपनमीडियाव्हॉल्ट टाकलं. ही डेबियन लिनक्सवर चालणारी फुकट प्रणाली. प्रणाली पेन ड्राइव्हवर, डेटा दोन हार्डडिस्कवर. ऑफिसातल्या सगळ्या संगणकांना ते मशीन नेटवर्कवरून सामायिक कपाटासारखं दिसतं. सगळं बसवून दिलं पॉलिटेक्निकच्या एका पोराने.

यात एक गोम आहे. लिनक्स सतत काही ना काही नोंदी लिहीत राहतं आणि त्याने पेन ड्राइव्ह झिजतो. त्या नोंदी आधी मेमरीत ठेवणारं प्लगइन आहे, ते बसवायलाच हवं. आम्ही आळस केला. एका उन्हाळ्यात पेन ड्राइव्ह मेला.

पण या वेळी रडलो नाही. पोराने आधीच मशीन बंद करून, पेन ड्राइव्ह दुसऱ्या संगणकाला लावून, डीडी या आज्ञेने त्याची जशीच्या तशी प्रत काढली होती. (जपून! त्या आज्ञेत 'कुठून' आणि 'कुठे' यांची अदलाबदल झाली, तर भरलेली डिस्क पुसली जाते.) ती प्रत तेवढ्याच किंवा मोठ्या नव्या पेन ड्राइव्हवर उतरवायची, लावायची, मशीन सुरू. डेटा तर हार्डडिस्कवर होताच.

ती प्रत त्याच मशीनमध्ये ठेवली असती तर? तिजोरीची किल्ली तिजोरीतच! आणि दोन हार्डडिस्क आहेत म्हणून निर्धास्त राहू नका. चोरी, आग, वीज पडणं, यात दोन्ही जातात. म्हणून डेटाची एक प्रत दुसऱ्या इमारतीत हवीच.

काही जण म्हणतील, आता सगळं सरकारी पोर्टलवर असतं. सगळं नसतं हो! कामाचे फोटो, स्कॅन केलेले ठराव, पत्रव्यवहार बऱ्याचदा टेबलावरच्या त्या एकाच संगणकात असतात. तो गेला की गावाची साक्ष गेली. आणि बिघाड खरा होता की सोयीचा, हे मग कोण ठरवणार?

म्हणून एक विनंती. येत्या ग्रामसभेत, पतसंस्थेच्या वार्षिक सभेत, शाळेच्या बैठकीत उभे राहा आणि तीनच प्रश्न विचारा.

बॅकअप कुठे आहे?
शेवटचा कधी घेतला?
तो परत उघडून कोणी पाहिलाय का?

तिसऱ्या प्रश्नाला बहुतेक ठिकाणी शांतता पसरेल. ती शांतता इतिवृत्तात नोंदवून घ्या. आणि त्या इतिवृत्ताची एक प्रत घरी आणा!