जखम लहान म्हणून दुखणें लहान नव्हे

आमच्या शेजारच्या एका मोठ्या कुटुंबांतील थोरल्या सूनबाई पित्ताशयाच्या खड्यांसाठीं दुर्बिणीची शस्त्रक्रिया करवून दुसऱ्याच दिवशीं घरीं परतल्या. पोटावर चार इवलीं छिद्रें पाहून सासूबाई म्हणाल्या, "एवढ्याशा जखमेचें काय तें कौतुक!" तें ऐकून सूनबाईंनीं तोंड मिटलें. रात्रीं मात्र उजवा खांदा असा ठणकूं लागला कीं, डोळ्यास डोळा लागेना. कोपरच्या रहिवाशांस खांद्यानें छळावें, हा एरवीं विनोदच झाला असता. पण पोट कापल्यावर खांदा कां दुखावा, हें विचारण्याचाहि त्या माउलीस संकोच वाटला.

कारण असें आहे. आंतील अवयव नीट दिसावेत म्हणून या शस्त्रक्रियेंत पोटांत कार्बन डायऑक्साइड वायु भरतात. त्यामुळें श्वासपटल ताणलें जाऊन चुरचुरतें. श्वासपटलाचा मज्जातंतु मानेंतून निघतो, आणि खांद्याच्या त्वचेचे तंतूहि तेथूनच येतात. म्हणून दुखतें एकीकडे व भासतें दुसरीकडे. बहुधा दोन-तीन दिवसांत हा ठणका ओसरतो.

भारतांतील अशी पहिली पित्ताशयाची शस्त्रक्रिया डॉ. तेहेमटन उदवाडिया यांनीं १९९० सालीं मुंबईच्या जे. जे. रुग्णालयांत केली. बरगडीखालच्या लांब छेदाच्या मानानें दुखणें पुष्कळ घटलें. नाहींसें मात्र झालें नाहीं. म्हणून शल्यवैद्य छिद्रांच्या कडांत बुपिवाकेनसारखें बधिर करणारें औषध टोंचतात. कांहीं जण तें पोटांत पित्ताशयाच्या जागींहि सोडतात. पूर्ण भूल दिली असतां हें कशास, असें कोणी विचारील. भुलीनें शुद्ध हरपते. हें औषध जखमेची वर्दी तंतूंतच अडवितें. त्यामुळें शुद्धीवर आल्यानंतरचे पहिले तास सुसह्य जातात, आणि ओकारी व गुंगी आणणारीं अफूच्या जातीचीं औषधें कमी लागतात. सुश्रुतानेंहि शस्त्रकर्मापूर्वीं मद्य पाजावयास सांगितलें आहे. वेदना निमूट सोसणें हा शास्त्राचा आग्रह कधींच नव्हता.

परंतु या औषधाचा अंमल कांहीं तासांतच उतरतो. घरच्यांचें काम तेथून सुरू होतें. वैद्यांनीं दिलेल्या गोळ्या वेळच्या वेळीं द्याव्यात. दुखणें असह्य होण्याची वाट पाहूं नये. रोग्यास घरांतल्या घरांत थोडें चालवावें. दंतवैद्याच्या सुईनें पूर्वीं कधीं अपाय झाला असल्यास तें शस्त्रक्रियेपूर्वींच सांगावें. आणि ताप, कावीळ, वाढती पोटदुखी, छातींत कळ किंवा धाप यांपैकीं कांहींहि दिसल्यास "वायूचेंच असेल" म्हणून स्वस्थ न बसतां तत्काळ रुग्णालय गांठावें.

सूनबाईंनीं दुसऱ्या दिवशीं धीर करून सांगितलें, हें बरें झालें. सासूबाई क्षणभर गप्प राहिल्या. मग त्यांनीं भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर गोळ्यांच्या वेळा स्वतःच्या हातानें लिहिल्या, आणि पहिली गोळी पाण्यासह स्वतःच नेऊन दिली.