‘आळशी आहे तो!’ म्हणण्याआधी...

प्रेझेंटेशनचा दिवस आला की वर्गातला एक जण हमखास गायब होतो. आपलं निदान तयारच असतं, ‘आळशी आहे’, ‘ॲटिट्यूड आहे’. हल्ली त्यात रील्सवरून उचललेले शब्दही आलेत, ‘ट्रॉमा असेल’, ‘डोपामिनचा लोचा असेल’. एक शब्द चिकटवला की विषय संपला!

मानसशास्त्र मात्र इतक्या झटपट विषय संपवत नाही. जैविक दृष्टिकोन विचारतो, बोलायला उभं राहायचं म्हटलं की त्याच्या शरीरात काय होतं? ॲड्रेनालिन वाढतं, छाती धडधडते, घसा कोरडा पडतो. फ्रॉइडच्या वाटेने जाणारे लहानपणात शिरतात. चुकल्यावर घरी काय व्हायचं? बी. एफ. स्किनरसारखे वर्तनवादी म्हणतील, दांडी मारल्यावर लगेच हुश्श वाटतं ना? ती सुटकाच सवय पक्की करते. म्हणून पुढच्या वेळी पुन्हा दांडी.

बोधात्मक दृष्टिकोन मनातलं वाक्य पकडतो, ‘अडखळलो तर सगळे हसतील आणि ते मला सहनच होणार नाही.’ अशा वाक्यांना आव्हान द्यायची पद्धत अल्बर्ट एलिस यांनी १९५५च्या सुमारास मांडली. कि. मो. फडके यांनी ती मराठी वाचकांपर्यंत पोचवली. मानवतावादी कार्ल रॉजर्स यांच्या विचाराने गेलं तर प्रश्न येतो, तो चुकला तरी तुम्ही त्याला आपला मानाल का?

यातली सगळीच उत्तरं सारखी भक्कम नाहीत. फ्रॉइडच्या बऱ्याच कल्पना तपासताच येत नाहीत, ही टीका जुनीच आहे. पण एकाच उत्तरावर अडून बसलं की माणूस अर्धाच दिसतो, हे नक्की.

आणि एक प्रश्न आपण सोयीस्करपणे विसरतो. सामाजिक-सांस्कृतिक दृष्टिकोन विचारतो, त्याच्या आजूबाजूला काय चाललंय? बारावीपर्यंत मराठी माध्यम, आता सेमिनार इंग्रजीत आणि एक उच्चार चुकला की मागच्या बाकावर खसखस. मला हाच प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. कारण लेबल त्याला लागलं की हसणारे आपण अलगद सुटतो.

त्याची काहीच जबाबदारी नाही, असं नाही. बोलायचं त्यालाच आहे. पण आदल्या दिवशी रिकाम्या वर्गात दोघा-तिघांसमोर त्याला एकदा बोलू द्या. सुरुवात मराठीत केली तरी चालेल. आणि तो अडखळला तर फक्त थांबा. हसू नका.