अरुण सावंतांचं नाव सांगा
१८ जानेवारी २०२० रोजी हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर रॅपलिंगच्या वेळी अनुभवी गिर्यारोहक अरुण सावंत दरीत कोसळले. दुसऱ्या दिवशी त्यांचा देह सापडला. शोधायला उतरले तेही त्यांच्यासारखेच सह्याद्रीवेडे. अनुभवी माणूस असा गेला की ‘त्याची वेळ आली होती’ म्हणून लोक मोकळे होतात. मला हे मुळीच पटत नाही. दोर कुठे बांधला होता, शेवटचा माणूस कसा उतरायचा होता, हे विचारणं म्हणजे त्यांचा अनादर नव्हे, उलट प्रेमच (घरच्यांसमोर मात्र हा विषय जपून काढावा). साम्रदजवळची सांदण दरी भटक्यांना ओळखीची झाली ती सावंतांमुळेच. आज तिथे शनिवार-रविवारी झुंबड उडते. तिथे जाल तेव्हा बरोबरच्या पोरांना सावंतांचं नाव आवर्जून सांगा.